मास्तरांची रोजची परीक्षा

आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला जाणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण भेटायला गेल्यावर बोलायचं काय, हे आपल्याला कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. मग आपण तोंडाला येईल ते बोलतो आणि वर त्याला आपुलकी म्हणतो. मास्तरांच्या घरी गेले चार महिने हेच चाललं होतं.

"काय मास्तर, ओळखलंत का मला?" समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांनी दारातूनच आवाज दिला.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी मान वळवली, डोळे बारीक केले. समोरचा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा असला पाहिजे, नाहीतर तो इतक्या हक्काने घरात शिरला नसता, एवढं त्यांना कळत होतं. त्यापुढे काही सुचत नव्हतं.

"वकीलसाहेब... ना?"

"वकीलसाहेब!" चष्मेवाले मांडीवर थाप मारून हसले. त्यांच्याबरोबर आलेले दोघे शेजारीही हसले. "अहो, सहा वर्षं तुमच्या समोर माझं दुकान आहे! रोज चार वाजता आपण एकत्र चहा प्यायचो. नीट बघा. कुणी सांगू नका हं त्यांना, आठवू द्या!"

मास्तरांनी पुन्हा एकदा नीट बघितलं. मग मान खाली घातली आणि शालीच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले. चष्मेवाल्यांचं हसू ओसरलं. त्यांना मनातून वाईट वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता. सहा वर्षांचा चहा हा माणूस असा कसा विसरू शकतो?

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, कपबशा घेऊन येताना हे सगळं पाहिलं आणि चहा पुढे केला. चष्मेवाल्यांना दोष देणार तरी कसा? त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतः मास्तरांची दहा मार्कांची परीक्षा घेतली होती आणि मास्तर दोन मार्कांवर आपटले होते.

या जोडप्याची गल्लीत आधीपासून गंमत व्हायची. नवरा शिंपी, कटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही, म्हणून ते मास्तर. त्यांनी जन्मात एकालाही अक्षर शिकवलं नव्हतं. बायको प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, म्हणून त्या बाई. घर वर आणि दुकान खाली. दोघांचं भांडण कधी झालंच तर एवढ्यावरूनच, की बाई मास्तरांच्या मापाच्या चिठ्ठ्यांमधलं शुद्धलेखन लाल पेनाने सुधारायच्या.

मग मास्तरांना ताप आला. साधा वाटला, पण साधा नव्हता. मेंदूला सूज आली, तीन आठवडे इस्पितळात गेले आणि मास्तर वाचले. वाचले हेच नशीब, असं सगळे म्हणाले. चालणं, बोलणं, जेवणं, सगळं शाबूत. फक्त सकाळी घडलेलं दुपारी आठवेना, आणि मागची सात-आठ वर्षंही जवळजवळ पुसून गेली. बाईंना ते ओळखत, कारण लग्न पस्तीस वर्षांचं होतं. पण रोज सकाळी न चुकता विचारत, "अगं, तुझे केस कधी पिकले एवढे?" पहिल्या दिवशी बाई हसल्या. पुढे पुढे त्यांनी त्या वेळेला डोक्याला रुमाल बांधायला सुरुवात केली.

आता बाईंना कुणी निर्दय म्हणू नये. नवऱ्यावर त्यांचा जीव होता. पण बत्तीस वर्षं वर्गात काढल्यावर माणसाचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसतो: घोकल्याशिवाय येत नाही आणि विचारल्याशिवाय टिकत नाही. म्हणून त्यांनी एक वही केली. नाश्ता झाला की चष्मा लावायचा, वही उघडायची, खुर्ची मास्तरांच्या समोर ओढायची आणि दहा प्रश्न. आज वार कोणता? काल जेवायला काय होतं? काल भेटायला कोण आलं होतं? आपण किती दिवस इस्पितळात होतो? उत्तर चुकलं की फुली, मग बरोबर उत्तर, मग तेच पाच वेळा म्हणून घ्यायचं. एकदा मास्तरांना चार मार्क पडले तेव्हा बाईंना दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी एक पडला.

आणि चुकीचं उत्तर तसंच सोडून देणं बाईंच्या रक्तात नव्हतं. मास्तर मधूनच म्हणत, "आक्का बऱ्याच दिवसांत आली नाही गं." आक्का म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. बाई लगेच सांगत, "अहो, आक्का गेल्या. तीन वर्षं झाली." मास्तरांचा चेहरा पांढरा पडे आणि ते लहान मुलासारखे रडत. त्यांच्यासाठी ती बातमी त्याच क्षणी आलेली असे. अर्ध्या तासाने डोळे कोरडे होत, आणि हातातला रुमाल ओला कशाने झाला हेही त्यांना सांगता येत नसे. चार महिन्यांत आक्का अशा अकरा वेळा गेल्या.

अशात एका सोमवारी मास्तरांचे धाकटे भाऊ आले. बाई त्यांना भावजी म्हणत. भावजी मनाने वाईट नव्हते, पण एखादी गोष्ट लोंबकळत राहिलेली त्यांना खपत नसे.

"वहिनी, दुकान किती दिवस बंद ठेवणार?" ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. कटिंगचं टेबल, मशीन, इस्त्री, सगळं एकदम घेऊन जायला तयार आहे. रविवारी टेम्पो आणतो म्हणतोय."

"रविवारी? इतक्या लवकर?"

"मग काय करायचं? ज्याला काल काय खाल्लं ते आठवत नाही, तो दुसऱ्याचं कापड काय कापणार? कुणाचं नुकसान केलं म्हणजे? दादाला बसू दे आरामात."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. दादा आरामातच बसले होते. चार महिने त्याच खुर्चीत. उद्या खालचं टेबल गेलं की मास्तर पुन्हा कधी त्या खुर्चीतून उठणार नाहीत, हे बाईंना लख्ख दिसलं. पण भावजींचं म्हणणं खोडून काढायला त्यांच्या हातात होतं काय? वहीतल्या फुल्या!

"रविवारपर्यंत सांगते," त्या म्हणाल्या.

आणि हातात सहाच दिवस आहेत म्हटल्यावर त्यांनी एका हाडाच्या शिक्षिकेने केलं असतं तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून दहाचे वीस प्रश्न केले.

बुधवारी इस्पितळातून थेरपिस्ट आली. मेंदूला इजा झालेल्या माणसांना रोजच्या जगण्यात पुन्हा उभं करणं हे तिचं काम. ती बाईंचीच एके काळची विद्यार्थिनी निघाली, चौथीतली, शेवटच्या बाकावरची. बाईंना कोण आनंद! त्यांनी कौतुकाने ती वही तिच्या हातात दिली. तिने चार-पाच पानं चाळली, वही मिटली आणि एवढंच म्हणाली, "बाई, थोडा चहा मिळेल?"

बाई आत गेल्या. भिंत पातळ होती, बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"काका, घरी बरं वाटतंय ना?"

"हो तर. घर माझंच आहे," मास्तर म्हणाले.

"आणि बाई? काळजी घेतात ना तुमची?"

"ही? अहो, हिच्यासारखी बायको दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही." मग आवाज बारीक झाला. "पण एक सांगू का? ही चष्मा लावून जवळ आली ना, की माझ्या पोटात गोळा येतो. आपलं काहीतरी मोठं चुकलंय असं वाटतं. काय चुकलंय ते आठवतच नाही. तुम्ही तिला सांगू नका हं. तिला वाईट वाटेल."

चहा उतू गेला. बाईंना ते दिसत होतं, पण गॅस बंद करायला हात पुढे होईना.

थेरपिस्टनेच आत येऊन गॅस बंद केला. बाई एकदम उसळून म्हणाल्या, "मी त्यांच्या भल्यासाठीच करतेय सगळं! विचारायचं नाही तर ते सुधारणार कसे?"

"बाई, रागावणार नसाल तर एक सांगते," ती ओट्याला टेकून म्हणाली. "तुम्ही आम्हाला पाढे शिकवलेत. सतराचा पाढा मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण तो मी कुठल्या दिवशी पाठ केला? आठवत नाही. त्या दिवशी डब्यात काय होतं? नाही आठवत. आणि पेन्सिल कशी धरायची हे तर मला शब्दांत सांगताही येणार नाही, पण बोटांना बरोबर येतं. आणि खरं सांगू? अजूनही कुणी फळ्यापाशी बोलावलं तर माझ्या तळहाताला घाम सुटतो. मग सांगा, आठवण ही एकच गोष्ट आहे का?"

बाईंनी फडकं घेऊन ओट्यावर सांडलेला चहा पुसायला घेतला.

"असं समजा, गावात एक पोस्टमन आहे," ती पुढे म्हणाली. "रोज जे घडतं त्याची पत्रं तो घरोघर पोचवतो. काकांच्या मेंदूच्या आत, खोलवर, एक लहानसा भाग हे काम करायचा. तापाने तोच भाग निकामी केला. खूप पूर्वी पोचलेली पत्रं घराघरांत सुरक्षित आहेत, म्हणून तुमचं लग्न त्यांना आठवतं, शब्दांचे अर्थ कळतात, आक्का आठवतात. शेवटच्या काही वर्षांची पत्रं अजून त्याच्याच पिशवीत होती, ती त्याच्याबरोबर गेली. आणि नवी येतात ती दारातच पडून राहतात. तुम्ही वीस काय, दोनशे प्रश्न विचारा, पोस्टमनच नाही तर पत्र पोचणार कसं? यात त्यांचा आळस नाही आणि हट्टही नाही."

"मग पोटात गोळा? तो कसा लक्षात राहतो?" बाईंनी विचारलं.

"कारण भीती त्या पोस्टमनच्या भरवशावर नसते. तिची वाट वेगळी आहे आणि ती वाट उघडी आहे. परीक्षा विसरतात, पण परीक्षेची धास्ती उरते. रोज थोडी थोडी साठते."

बाई स्टुलावर बसल्या. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी डोळ्यांना लावला. "चार महिने!" त्या म्हणाल्या. "चार महिने मी त्यांना रोज नापास करत होते गं! आणि आक्का... अरे देवा, अकरा वेळा!"

थेरपिस्टने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "तुम्ही एकट्या नाही, बाई. मी ज्या ज्या घरी जाते तिथे हेच चालतं. ओळखा पाहू, आठवा पाहू! आणखी एक नुकसान होतं त्याने. अंदाजाने एकदा चुकीचं उत्तर तोंडून गेलं की अशा माणसांच्या जिभेवर तेच सवयीने घट्ट बसतं; सवयीलाही पोस्टमन लागत नाही."

"म्हणजे वकीलसाहेब!" बाई एकदम म्हणाल्या. चष्मेवाल्यांना मास्तरांनी पहिल्यांदा घाबरून वकीलसाहेब म्हटलं होतं, लोक हसले होते, आणि तेव्हापासून ते कायमचे वकीलसाहेबच झाले होते.

"अगदी तसंच. म्हणून अंदाज करायला लावूच नका. उत्तर आपणच आधी द्यायचं. आणि बाई, कात्री दिलीत का त्यांच्या हातात?"

"छे गं! कपाटात कुलूप लावून ठेवलीय."

"एकदा दुकानात घेऊन जा त्यांना. हातांची वाटसुद्धा वेगळी असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर जागे झाले आणि म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पिकले एवढे?" बाईंनी रुमाल बांधला नव्हता. "पिकले हळूहळू, तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे. तुम्ही आजारी होतात, आता बरे आहात. आपण घरीच आहोत." मास्तरांनी "बरं" म्हटलं आणि नाश्ता मागितला. नाश्त्यानंतर बाईंच्या हाताला चैन पडेना, पण चष्मा काही त्यांनी लावला नाही. दुपारी आक्कांचा विषय निघाला. बाई क्षणभर अडखळल्या, मग म्हणाल्या, "तुम्हाला सुई धरायला आक्कांनीच शिकवलं ना?" झालं! मास्तर वीस मिनिटं आक्कांच्या गोष्टी सांगत होते, आणि त्यातल्या दोन तर बाईंनी पस्तीस वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी बाईंनी दुकानाचं शटर वर केलं. भावजी आधीच येऊन उभे होते, टेम्पोत काय काय चढवायचं त्याची यादी करायला. "वहिनी, कशाला त्याला त्रास?" ते पुटपुटले. बाईंनी मास्तरांच्या हाताला धरलं.

मास्तर आत आले. तळहात टेबलावरून एकदा फिरवला. खुंटीवरची टेप कुणी न सांगता काढून गळ्यात घातली. फळीवर मास्तर आजारी पडण्याआधीचं एक कापड तसंच पडून होतं, चष्मेवाल्यांच्या शर्टाचं, वर मापाची चिठ्ठी टाचलेली. बाईंनी ते पुढे ठेवलं. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, कापड दोन बोटांत चुरगळून पाहिलं.

"चौकडी आहे," ते म्हणाले. "घडी घालून नाही चालायचं. एकेरी कापलं तरच चौकटी जुळतात."

बाईंनी कात्री दिली. आणि मग काय सांगावं! चार महिने शालीचे धागे गुंडाळणारी ती बोटं अशी चालायला लागली की जणू कालच दुकान बंद केलं होतं. खडूची रेघ, कागदी नमुना, कात्रीचा तो लांबलचक करकर आवाज. पाठीचा भाग झाला, पुढचे दोन भाग झाले, कॉलर झाली. भावजींनी यादी खिशात घातली आणि बघत राहिले. एक बाही कापून झाली.

एवढ्यात उघडं शटर बघून रस्ता ओलांडून चष्मेवाले धावत आले. "अरे वा! मास्तरांनी कात्री धरली की हो! मास्तर, आता तरी सांगा, मी कोण?"

कात्री थांबली. मास्तरांनी वर पाहिलं. कपाळावर घाम आला, ओठ हलले. "व... वकील..."

"हे समोरचे चष्मेवाले," बाई पटकन पुढे होऊन म्हणाल्या. "तुमचे मित्र. रोज चार वाजता चहा घेता तुम्ही दोघं. हा शर्ट त्यांचाच चाललाय."

"हो का? बसा ना, बसा," मास्तर म्हणाले आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. पण कामाचा धागा तुटला होता. ते टेबलाकडे वळले, नमुना उचलला, कापडावर ठेवला आणि बाही कापली.

भावजींनी दोन्ही बाह्या उचलल्या. एकीवर एक ठेवल्या. पुन्हा ठेवून पाहिल्या.

"वहिनी, ह्या दोन्ही डाव्या आहेत."

पहिली बाही कापली आहे हेच मास्तरांच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे नमुना पालथा न घालता त्यांनी पुन्हा तीच कापली होती. "बघितलंत ना?" भावजी हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलताना आनंद होत नव्हता. "कापड संपलं. शर्ट वाया. मी त्या माणसाला उद्या यायला सांगतो."

"काय झालं?" मास्तर एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाले.

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तुम्ही चुकलात! बत्तीस वर्षांची सवय ती, लाल पेनासारखी सरसावून बसलेली. बाईंनी ते वाक्य गिळलं. अवघड होतं, पण गिळलं.

"दोन बाह्या कापून झाल्यात आणि दोन्ही डाव्या आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता पुढे काय करायचं ते तुम्हीच सांगा. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मास्तरांनी बाह्या हातात घेतल्या. एक उजेडाकडे धरली. आणि हसायला लागले.

"एवढंच ना? अगं, हे छापील कापड नाही, विणलेलं आहे. याला उलट-सुलट नसतं. चौकटीही दोन्हीकडून सारख्याच." त्यांनी एक बाही पालथी करून टेबलावर ठेवली. "ही घ्या उजवी!"

भावजी पुढे वाकले. डावी इकडे, उजवी तिकडे, चौकटीला चौकट. चष्मेवाल्यांनी तोंडावर हात धरला आणि मग सगळे एकदमच हसले. या वेळी मास्तरही त्यांच्यात होते, कारण या वेळी हसू त्यांच्यावर नव्हतं.

"छापील असतं तर मात्र बोंबललो असतो," मास्तर डोळे पुसत म्हणाले.

हे बाईंनी नीट ऐकलं. चूक झाली होती, ती नशिबाने सावरली गेली होती, हे त्यांना कळत होतं. उद्या छापील कापड येईलच. त्यांनी त्याच क्षणी खडू घेतला आणि दोन्ही बाह्यांवर खूण केली, एकीवर डावी, एकीवर उजवी. "यापुढे प्रत्येक तुकडा कापला की मी खूण करून खुंटीला लावणार," त्या म्हणाल्या. "आणि मास्तरांच्या हातात कात्री असेल तोवर दुकानात कुणी बोलायचं नाही. काय काम झालं आणि काय राहिलं, हे लक्षात ठेवायचं काम माझं. ते कसं करायचं, हे काम त्यांचं."

मग त्या चष्मेवाल्यांकडे वळल्या. "आणि तुम्हाला हात जोडून सांगते, त्यांना मी कोण, मी कोण विचारू नका हो. चार महिने मीच सगळ्यांत जास्त विचारलं, म्हणून सांगायचा हक्क आहे मला. त्यांना ते येत नाही. येणार नाही, असं इस्पितळातून आलेल्या थेरपिस्टने सांगितलंय. लंगड्या माणसाला आपण पळून दाखव म्हणतो का?"

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. "मला वाईट वाटायचं हो, बाई," ते म्हणाले. "वाटायचं, मी इतका का परका झालो? म्हणून विचारत राहायचो." बाईंना ते पटलं. दुखावलेली माणसंच असे प्रश्न जास्त विचारतात.

भावजी शटरपाशी जाऊन फोनवर बोलत होते. "नाही, नको आणू टेम्पो. नाही, पुढच्या रविवारीही नको." परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "दादा गेलाच असं धरून चाललो होतो मी," ते बाईंना म्हणाले. "तो इथेच होता की!" बाईंनी मान हलवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना छातीभर श्वास घेता आला.

शर्ट बुधवारी शिवून झाला. मास्तरांनीच शिवला, बाईंनी बटणं लावली. दुसऱ्या दिवशी चार वाजता चष्मेवाले तो घालून आले, हातात चहाची किटली. दारातच थांबले.

"मास्तर, मी समोरचा चष्मेवाला. तुमचा मित्र. चहा आणलाय," ते म्हणाले.

"या, या." मास्तरांची नजर लगेच शर्टाकडे गेली. त्यांनी खांद्याची शिवण चिमटीत धरली, चौकटी कशा जुळल्यात ते पाहिलं, बाहीचं टोक उलटं करून टाके पाहिले. "कुणी शिवलाय हो? नामी शिवलाय."

चष्मेवाल्यांच्या ओठांवर 'ओळखा पाहू' आलं होतं. त्यांनी ते आवरलं.

"तुम्ही," ते म्हणाले. "तुम्हीच कापला आणि तुम्हीच शिवला, मास्तर. जन्मात मला इतका चांगला बसणारा शर्ट मिळाला नव्हता."

"मी?" मास्तरांनी पुन्हा टाके पाहिले. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. "हो की! माझाच हात आहे हा."

शुक्रवारी सकाळपर्यंत तो शर्ट, तो चहा, ते कौतुक, सगळं मास्तरांच्या आठवणीतून गेलं होतं. पण नाश्ता होताच ते खुर्चीतून उठले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. "अगं, चल ना लवकर," ते म्हणाले. "आज खाली जावंसं वाटतंय."

वाचकहो, आपल्या गल्लीत, आपल्या कचेरीत, कदाचित आपल्याच घरात असा एखादा माणूस असेल. अपघाताने, तापाने किंवा वयाने त्याच्या आठवणींचा एक भाग काढून घेतलेला असेल. एक भाग, सगळा माणूस नव्हे! त्याचे हात शाबूत असतील, त्याचं ज्ञान शाबूत असेल, आणि तुम्ही दिलेलं सुख-दुःख तर तो घटना विसरल्यावरही जपून ठेवणार आहे. मग त्याची परीक्षा कशाला घ्यायची? त्याला भेटायला जाल तेव्हा दारातच आपलं नाव सांगा, नातं सांगा आणि त्याच्याजवळ बसा. ओळख मागायची नसते, द्यायची असते.